बारकीचं बोट

बांधलेली पिशवी उघडायची नाही. आमच्या कामातला हा एकच नियम असा आहे की तो मोडला तर मुकादम ऐकूनसुद्धा घेत नाही, सरळ घरी पाठवतो. बाकी सगळं खपतं. यायला उशीर झाला तर खपतो, मास्क हनुवटीवर लोंबत असला तर खपतो, कचऱ्याची गाडी आली नाही आणि खोलीत उभं राहवेना झालं तरी तेही खपतं. पण वॉर्डातून गाठ मारून, चिठ्ठी चिकटवून खाली आलेली पिशवी गाडीत चढेपर्यंत तशीच राहिली पाहिजे. आणि आमच्या बारकीने ती उघडली. कशासाठी, तर एका मेलेल्या म्हाताऱ्याच्या कवळीसाठी.

बारकी माझी नणंद. लहानपणी काडीसारखी होती म्हणून बारकी, आता अंगाने भरली तरी नाव तेच. माझा नवरा अपघातात गेला तेव्हा शेजारपाजारच्या बायका म्हणाल्या, आता तुझं सासर संपलं. संपलं कसलं? नणंद राहिली ना. तिचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी टेकला तर टेकला. सासूशी हिचं पटत नाही. सासूच्या घरात हिला पाण्याचा पेलासुद्धा विचारून घ्यावा लागायचा. म्हणून पोटुशी असल्यापासून ती माझ्याकडेच आहे, आणि तिची छकुली माझ्याच घरात चालायला शिकली. दीड वर्षाची झाली तरी आईला सोडत नव्हती. बारकी कामावरून आली की ही आधी पदराला लोंबकळायची आणि पोट भरून प्यायची, मग जगाकडे बघायची. मी म्हणायचे, अगं तोड आता तिला. बारकी म्हणायची, पिऊ दे गं वहिनी, फुकटचं आहे.

आम्ही दोघी हॉस्पिटलच्या तळघरात काम करतो. वर पाच मजले आजारी माणसं आणि खाली त्यांचं जे जे उरतं ते. एका बाजूला प्रेतं ठेवायची खोली, तिला लागून आमची कचराखोली. रक्ताने भिजलेलं, पू लागलेलं, कापून काढलेलं, जे जाळायचं ते पिवळ्या पिशवीत येतं. नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत. सुया आणि पाती पांढऱ्या डब्यात. त्या डब्याला आत टाकायला फट असते, बाहेर काढायला काही नसतं. हे सगळं प्रत्येक वॉर्डात भिंतीवर चित्रासकट लावलंय. तरी सुई पिवळ्या पिशवीत येते, कारण टाकणाऱ्याला घाई असते आणि लागते ती दुसऱ्याला.

गेल्या वर्षी एक साहेब आम्हाला शिकवायला आला होता. उंटावरचा शहाणा. आयुष्यात एक पिशवी उचलली नसेल, पण बोलत होता असा की जन्मच तळघरात झाला. अख्खी दुपार त्याने बादलीवर घालवली. आम्ही जिला हायपो म्हणतो, त्या क्लोरीनच्या पाण्यात वस्तू अर्धा तास पूर्ण बुडवून ठेवली की कुठलाही रोग जिवंत राहत नाही, हे त्याने आमच्याकडून पाढ्यासारखं म्हणून घेतलं. बारकीचा आवाज सगळ्यात मोठा. स्वतःलाच सुई टोचली तर काय करायचं, हे त्याने शेवटी एका वाक्यात सांगितलं. तेव्हा चहा आला होता आणि सगळ्या जणी कपांकडे बघत होत्या.

तर तो सोमवार. मी वरच्या मजल्यावरून गाडा भरून आणायला गेले होते. बारकी खाली एकटी होती. शेजारच्या खोलीतून एक बाई बाहेर आली, माझ्या वयाची असेल, आणि आमच्या दारात उभी राहिली. तिचे वडील पहाटे गेले होते. दम लागला म्हणून आदल्या दिवशी आणलं आणि रात्र काढली नाही. ऑक्सिजनचा मास्क लावताना वॉर्डातल्या मावशीने त्यांची कवळी काढली, कापसात गुंडाळून ट्रेमध्ये ठेवली, आणि ते गेल्यावर ट्रे होता तसा पिवळ्या पिशवीत उलटा केला. गाठ मारली, चिठ्ठी लावली, पिशवी खाली. आता वडिलांचे गाल आत गेले होते, ओठ आत वळले होते. ती बारकीला म्हणाली की हे माझे बाबा वाटतच नाहीत, लोक शेवटचं बघायला येतील आणि हे दुसऱ्याच कुणाचं तरी तोंड असेल.

दुसरी कुणी असती तर हात जोडून म्हणाली असती, बाई, नियम नाही. पण माझा नवरा गेला तेव्हा त्याचं तोंड कुणाला दाखवलं नव्हतं. दाखवण्यासारखं राहिलंच नव्हतं. बारकी कापड धरून ओरडत होती, एकदा दाखवा, माझा भाऊ आहे तो. आम्ही तिला ओढून बाजूला नेलं होतं. ती हे विसरलेली नाही. तिने त्या बाईला दारात थांबवलं, चिठ्ठी बघून पिशवी शोधली, गाठ सोडली आणि आत हात घातला.

मी गाडा घेऊन खाली आले तेव्हा कवळी धुऊन पुसून त्या बाईच्या रुमालात गेलेली होती. बाई डोळे पुसत म्हणाली, तुमचे उपकार कसे फेडू? टाकीजवळ आमची लाँड्री आहे, बाबांचीच, कधीही या. ती गेली आणि मी बारकीला फैलावर घेतलं. नोकरी नकोशी झालीय का, मुकादम आला असता तर काय सांगणार होतीस, पोरगी काय वारा खाऊन जगणार आहे? ती मान खाली घालून ऐकत राहिली. पिशवीला पुन्हा गाठ मारली. मग म्हणाली, जरा बादल्या बघते, आणि आतल्या मोरीकडे गेली. बराच वेळ आली नाही. मला वाटलं, माझ्या बोलण्याने रुसली.

शनिवारी सुट्टी होती. छकुलीचे कपडे बारकी धूत होती आणि मी दोरीवर टाकत होते. तिच्या हातून फडकं घेताना मला तिचं बोट दिसलं. उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं. पांढरं फटक, सालं निघालेली, नखाच्या कडेला लाल चीर. आमच्या कामातल्या कुणालाही ते बघून कळेल. हायपो नुसता उडाला तर एवढं होत नाही. त्यात बोट बराच वेळ असावं लागतं.

मी विचारलं तेव्हा ती हसली. खरंच हसली, मला अजून तो चेहरा दिसतो. म्हणाली, "काही नाही गं. त्या दिवशी कापसात सुई होती, जराशी लागली. पण मी बोट बादलीत धरलं होतं. पाणी न घालता, नुसता हायपो. अर्ध्या तासाच्यावर. डोळ्यातून पाणी येत होतं, तरी काढलं नाही. मेलं असेल गं सगळं."

सांगितलं तर नोकरी गेली असती म्हणून ती गप्प बसली, एवढंच असतं तर मी समजू शकले असते. पण तिला भीतीच नव्हती. तिने उपाय केला होता. साहेबाने शिकवलेला, घोकून घेतलेला उपाय. सुई आणि बोट यांत काय फरक आहे हे तिला कुणी धड सांगितलं नव्हतं. पाच दिवस ती निवांत जेवली, निवांत झोपली, आणि छकुलीला निवांत पाजत राहिली.

मी तिला तशीच ओल्या हातांनी बाहेर काढलं. आमच्या हॉस्पिटलात नेलं असतं तर पिशवी कुणी उघडली हा पहिला प्रश्न आला असता. सुई कुणी टाकली हे कुणी विचारलं नसतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही तिथली रीतच आहे. म्हणून आमच्या गल्लीच्या तोंडाशी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी बोट बघितलं, दिवस विचारला आणि डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, अशा वेळी साबणाने हात धुवायचा आणि पळत डॉक्टरकडे यायचं. सुईतून येणाऱ्या रोगावर गोळ्या असतात, पण त्या लगेच सुरू कराव्या लागतात, फार तर तीन दिवसांत. आता त्यांचा उपयोग नाही. काविळीचं एक इंजेक्शन अजून चालेल, ते त्यांनी दिलं. रक्त घेतलं. सहा आठवड्यांनी पुन्हा, तीन महिन्यांनी पुन्हा. तोवर मुलीला अंगावर पाजायचं नाही, आणि नवऱ्यापासून जपून राहायचं.

बारकीने एवढंच विचारलं की आजपासून पाजायचं नाही की उद्यापासून.

"आजपासून," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सुई कुणाला टोचलेली होती ते कळेल का? त्या माणसाला काही नसेल, तर ही सगळी भीती इथेच संपली. हिने मुलीला पाजावं, खुशाल."

म्हणजे सगळं त्या म्हाताऱ्यावर आलं. पिशवी त्याच्याच खाटेची होती, कवळी त्याच कापसात होती. तो निरोगी होता एवढं एक वाक्य कुणाच्या तरी तोंडून मिळालं की माझी बारकी सुटली. मी त्याच संध्याकाळी वॉर्डातल्या सिस्टरला गाठलं, सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, तपासायला वेळच कुठे मिळाला? आणतानाच धाप लागली होती. त्यांच्या मुलीला आम्ही विचारलं होतं, तर म्हणाली, दम्याशिवाय काहीही नाही.

त्या रात्री घरात जे झालं ते सांगायची माझी इच्छा नाही, पण सांगते. छकुली आईच्या अंगावर चढत होती, पोलकं ओढत होती, आणि बारकी तिला दोन्ही हातांनी लांब धरून बसली होती. मी बाटली केली, ती तिने फेकून दिली. रडून रडून पोर झोपली. मग बारकी मोरीत गेली. दूध दाटून छाती दगड झाली होती. तिने ते वाटीत पिळलं. कामावरून भांडी घासायला म्हणून आणलेली हायपोची बाटली होती, त्यातला हायपो वाटीत ओतला आणि वाटीसमोर बसून राहिली. मी म्हटलं, ओत की मोरीत, कशाची वाट बघतेस? म्हणाली, अर्धा तास होऊ दे. नाल्यावर पोरं खेळतात.

मी सोमवारी कामावरून सुटले ती सरळ टाकीकडे गेले. लाँड्री चांगली चालणारी होती. दाराशी उभ्या उभ्या कपडे देणारी-घेणारी माणसं, भिंतीला कागदात गुंडाळलेले गठ्ठे, वर म्हाताऱ्याचा फोटो. फोटोत तोंड भरलेलं होतं. बाई इस्त्री करत होती. मला ओळखून तिने हातातलं काम टाकलं, स्टूल पुढे केलं, चहा मागवायला निघाली. सगळे म्हणाले बाबा झोपल्यासारखे दिसत होते, म्हणाली. तुमच्या त्या ताईला माझा नमस्कार सांगा.

मी बसले नाही. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले आणि विचारलं, तुमच्या वडिलांना काय आजार होता?

दमा, ती म्हणाली. फार जुना.

मी म्हटलं, दम्याचं विचारत नाहीये. त्या कापसात सुई होती, माझ्या नणंदेला लागलीय. तिची दीड वर्षाची पोरगी दुधासाठी रडतेय. त्यांना दुसरं काही नव्हतं, एवढं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगा, मी आल्या पावली जाते.

तिने छातीवर हात ठेवला नाही. इस्त्री बंद केली. शटर अर्धं खाली ओढलं. मला तेव्हाच कळलं, पण ऐकायचं बाकी होतं, आणि ते ऐकल्याशिवाय मी जाणार नव्हते.

एचआयव्ही होता. बरीच वर्षं. गोळ्या सुरू होत्या, त्या ती दुसऱ्या गावाहून आणायची, इथल्या दुकानदाराला कळू नये म्हणून. एकदा पाय मोडला होता तेव्हा तिने एका हॉस्पिटलात खरं सांगितलं होतं. त्यांनी त्याच्या खाटेवर रोगाच्या नावाची पाटी लावली. खाट संडासाजवळ सरकवली. अंग पुसायला कुणी येईना, ताट पायाने सरकवायचे. पाटी वाचून गल्लीतल्या एकाने इथे येऊन आपले कपडे परत मागितले. कपड्यांनी हा रोग होत नाही हे त्याला सांगून काय उपयोग होता? बाबांनी त्या माणसाचे कपडे धुतलेले, घडी घातलेले परत दिले. त्यानंतर आम्ही कुठेच सांगितलं नाही, ती म्हणाली. गोळ्यासुद्धा या वेळी घरीच ठेवल्या, कुणी बघतील म्हणून.

ऐकताना मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? पायाने ताट सरकवणारी माणसं मी रोज बघते. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती खाली येत नव्हती.

"तुमच्या डोळ्यांदेखत तिने पिशवीत हात घातला," मी म्हटलं. "तुम्ही दारात होतात. एक शब्द बोलला असतात."

"तिने हातमोजे घातले होते."

"हातमोज्यातून सुई जात नाही?"

मग म्हणाली, "मी सांगितलं असतं तर तिने हात घातला असता का? मला बाबांचं तोंड हवं होतं."

मग मी तिला जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. तिच्या बापाला बोलले, तिला बोलले. तू माणूस आहेस की कोण, म्हटलं. मेलेल्याच्या दातांसाठी जित्या बाईचा जीव धोक्यात घातलास, म्हटलं. लोकांचे डाग काढून देतेस आणि स्वतःच्या जिभेला कुलूप लावतेस. ती सगळं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, मारायचं असेल तर मारा. माझा हात उचललाच गेला नाही. तिने आतून गोळ्यांचं पाकीट आणून दिलं, डॉक्टरांना दाखवा म्हणाली, आणि शटर वर करताना हळूच म्हणाली की बाहेर कुणाला सांगू नका, दुकान बसेल. मी पाकीट घेतलं आणि निघाले.

डॉक्टरीणबाईंनी पाकीट बघितलं आणि त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला. रोज गोळी घेणाऱ्या माणसाच्या रक्तातून धोका फार कमी असतो, म्हणाल्या. फार कमी, पण नाहीच असं मी म्हणणार नाही. तिन्ही रिपोर्ट चांगले येईपर्यंत जपा. आणि नवऱ्याला विश्वासात घ्या.

मी घरी येऊन बारकीला सगळं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, ती त्या बाईला शिव्या देईल. तिने नाही दिल्या. म्हणाली, बिचारीचं दुकान आहे. मग छकुलीला मांडीवर घेऊन बोटाने तिचे केस विंचरत बसली. विंचरता विंचरता म्हणाली, "पाच दिवस पाजलं मी तिला."

मी म्हटलं, डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंस ना, फार कमी.

"ऐकलं. वहिनी, परवा ते येतायत. त्यांना यातलं काही सांगायचं नाही."



तिने सगळं ठरवून ठेवलं होतं. पोरीचं दूध तोडलं, कारण मोठी झाली. नवऱ्याला म्हणणार, पोटात दुखतंय, चार दिवस लांब राहा. चार दिवस काय, असे निघून जातात. दुसऱ्या खेपेपर्यंत दुसरा रिपोर्ट येईल, तिसऱ्या खेपेला तिसरा. चांगले आले की कुणाला काही कळायची गरजच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगितलं तर त्यांची आई ऐकेल, आणि सासूला कळलं की मग मी माणसात राहत नाही. "फार कमी आहे म्हणाल्या ना डॉक्टर? मग त्या फार कमीसाठी माझा संसार का मोडायचा?"

तिचं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी लाँड्रीत जे तोंड सोडून आले होते, ते आता कुठे गेलं कुणास ठाऊक. ती माझे दोन्ही हात धरून बसली होती. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तिने ते हो धरलं.

बारकीचा नवरा, आमचे जावई, आले ते दुपारीच आले. पोरीसाठी वाजणारा घोडा, बारकीसाठी चपला. भला माणूस आहे, दारू नाही, मारझोड नाही, बोलायला लागला की ऐकणाऱ्याला हसवतो. रस्त्यात कुठे टायर फुटला, कोण भेटला, सगळं साग्रसंगीत सांगत बसले. बारकी इतकी हसत होती की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, निभेल. चार दिवस आहेत, निभतील. संध्याकाळीच मी माझं अंथरूण छकुलीसकट स्वयंपाकघरात नेऊ लागले, ते आले की नेहमी नेते तसं. बारकी म्हणाली, छकुली आज इथेच राहू दे, माझं पोट दुखतंय. जावई हसले. म्हणाले, महिनाभर मी ट्रकशी बोलतो आणि घरी आलो की हिचं पोट दुखतं. आणि त्यांनी तिला हाताला धरून जवळ ओढलं, चेष्टेतच. बारकी हसली. हसली आणि ओढली गेली. पुन्हा पोट दुखतंय म्हणाली नाही.

ती नाही म्हणू शकणार नव्हती. एक दिवस म्हणेल, दोन दिवस म्हणेल. माझी नणंद आहे, मी ओळखते तिला. परक्या बाईच्या डोळ्यांत पाणी बघून जिने बांधलेली पिशवी सोडली, ती स्वतःच्या नवऱ्याला काय अडवणार?

मी म्हटलं, जावई, जरा कोपऱ्यापर्यंत चला, दुकानातून तांदळाचं पोतं आणायचंय. बाहेर अजून उजेड होता. बारकीने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं. ती नुसती मान हलवत होती, नको नको, आणि मी चपला घालत होते.

गल्लीच्या तोंडाशी, बंद दवाखान्याच्या पायरीवर, मी त्यांना सगळं सांगितलं. कवळीपासून गोळ्यांच्या पाकिटापर्यंत. फार कमी हे शब्द तर मी इतक्यांदा बोलले की त्यांचा अर्थच राहिला नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "छकुलीला पाजत होती?"

"हो. तिला माहीत नव्हतं."

"मला कोण सांगणार होतं? ती का तुम्ही?"

"मीच सांगतेय ना."

ते घरात आले. मी दारात आडवी उभी राहिले होते, हात उगारला असता तर आधी माझ्यावर पडला असता. त्यांनी तसलं काही केलं नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. छकुलीचे कपडे दोरीवरून काढले, पिशवीत भरले, घोडा भरला. म्हणाले, उद्या हिचं रक्त तिकडेच तपासून घेतो, तीन महिने आईकडे ठेवतो, मग बघू. बारकी म्हणाली, तिला बाटली लागत नाही, वाटी-चमच्याने द्या, झोपताना पाठीवर थोपटावं लागतं. ते म्हणाले, आई बघेल. छकुलीला वाटलं बाबा फिरायला नेतायत. जिन्यावरून ती मोठ्याने टाटा करत होती.

मी बारकीजवळ बसले. म्हटलं, रड, ओरड, मला चार मार, पण अशी बसू नकोस. ती म्हणाली नाही की तू असं का केलंस. तिला कारण माहीत होतं, आणि ते चुकीचं नव्हतं हेही तिला माहीत होतं. पोलकं पुढून भिजून गेलं होतं, ते बदलायलाही ती उठली नाही.

"त्या बाईने आपल्या माणसाची अब्रू तो मेल्यावरसुद्धा राखली," ती म्हणाली. "मी तर अजून जिवंत आहे, वहिनी."